वाणात गेलेला राजा

दिलेलं वाण परत मागू नये, हा नियम कोणी केला मला माहीत नाही. पण जिने केला तिच्या नवऱ्याकडे हाताने कोरलेले बुद्धिबळाचे मोहरे नसणार, एवढं मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो.

आधीच सांगतो, या सगळ्या प्रकरणात माझी काडीइतकी चूक नाही. आमच्या सोसायटीत वेगळं बोललं जातं. सोसायटीचं काय घेऊन बसलात, तिथे लिफ्ट बंद पडली तरी लोक माझ्याकडेच बघतात.

मला लाकडी मोहरे जमवायचा नाद आहे. नाद म्हणजे तसा फार नाही, घरात चार संच आहेत. (पाच. पाचवा कपाटात स्वेटरांच्या मागे होता आणि त्याची खबर तोवर आमच्या घरी लागलेली नव्हती.) नेरूळच्या आमच्या दोन बेडरूमच्या घरात जे शोकेस आहे, त्यात पूर्वी उज्ज्वलाची काचेची भांडी होती. उज्ज्वला म्हणजे माझी बायको. हळूहळू भांडी मागे गेली आणि हत्ती-घोडे पुढे आले. चौथा संच आला त्या दिवशी तिने अगदी थंडपणे सांगितलं, "आता या घरात एक प्यादं जरी आलं ना, तर मी माहेरी जाणार नाही. तुम्ही जाल."

"मी? कुठे?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

अशा वातावरणात माणूस मोकळेपणाने कसा वागणार, तुम्हीच सांगा.

आता अन्वरभाई मुकादम. हा माझा बुद्धिबळातला जोडीदार, मूळचा श्रीवर्धनकडचा, राहतो बेलापूरला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याचा गाळा आहे. दिवसभर सळया, पत्रे आणि ट्रकवाल्यांशी हुज्जत, आणि संध्याकाळी हाच माणूस लाकडाचा घोडा तळहातावर घेऊन त्याची आयाळ न्याहाळत बसतो. त्याने अमृतसरच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून खास संच कोरून घेतला. काळे मोहरे आबनुसाचे, पांढरे कुठल्याशा पिवळसर, गुळगुळीत लाकडाचे. घोड्यांना दात होते, दात! मध्येच कारागिराच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, काम रखडलं, आणि संच पाठवताना त्याने निरोप दिला की हा माझ्या हातचा शेवटचा. त्यामुळे त्यातलं एक प्यादं जरी हरवलं, तरी दुसरं करून द्यायला आता कोणी नव्हतं.

जानेवारीत अन्वरभाईकडे रंगकाम निघालं आणि त्याच वेळी नातवंडं येऊन थडकली.

"सामंत," तो म्हणाला, "एक नातू घोडे चावतो, दुसरा गॅलरीतून फेकतो. रविवारी पुण्याहून माणसं येतायत संच बघायला. तोवर कुठे ठेवू रे?"

"माझ्याकडे ठेव की. बँकेच्या लॉकरपेक्षा सेफ."

हे मी बोललो, कारण मी दिलदार आहे. चार-पाच दिवस तो संच हाताळायला मिळेल वगैरे विचार माझ्या मनात आला नव्हता. आला असेल तर नंतर आला.

प्रश्न होता उज्ज्वलाचा. "हा संच माझा नाही, मित्राचा आहे," या वाक्यावर तिचा विश्वास बसणं शक्य नव्हतं, कारण तिसऱ्या संचाच्या वेळी मी हेच वाक्य वापरलं होतं. शिवाय मखमलीचं अस्तर लावलेली ती पेटी तिला पाठमोरी असली तरी ओळखू आली असती. म्हणून पेटी मी खाली स्कूटरच्या डिकीत कोंबली आणि मोहरे वर आणले.

माळ्यावर एक खोका होता. सावंतवाडीच्या माझ्या वहिनीने पाठवलेला. आत संक्रांतीचं वाण, लाकडी कुंकवाचे करंडे, एकेक गुलाबी कागदात गुंडाळलेला. घरात ही एकच जागा अशी होती की जिथे मी काही ठेवीन असा संशय कोणालाही आला नसता. मी बाजारात जाऊन तसाच गुलाबी कागद आणला. एकेक मोहरा त्यात गुंडाळला आणि सगळे खोक्याच्या तळाशी रचून वर करंड्यांचा थर लावला. आमच्याकडे हळदीकुंकवाला फक्त ए विंगच्या बायका येतात. करंडे त्यांना पुरून उरले असते. तळापर्यंत हात जाण्याचा प्रश्नच नव्हता. याला नियोजन म्हणतात, आणि ते माझ्या बाजूने अचूक होतं.

बुधवारी हळदीकुंकू. त्या दिवशी घरातल्या पुरुषांना बाहेर काढतात, तसं मलाही काढलं. मी गेलो अन्वरभाईकडे. रंगाच्या वासात, त्याच्या नातवाच्या प्लॅस्टिकच्या सोंगट्यांनी आम्ही खेळत बसलो.

"मोहरे ठीक आहेत ना रे?" त्याने विचारलं.

"अरे, उज्ज्वलाच्या देखरेखीखाली आहेत," मी म्हटलं. आणि हे शंभर टक्के खरं होतं.

घरी आलो तर उज्ज्वला सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. चेहरा कसा फुललेला.

"अहो, काय गर्दी झाली! मी यंदा बी विंगला पण बोलावलं. सगळ्या आल्या. वाण अगदी बरोब्बर पुरलं बघा, खोक्याचा तळ लागला."

मी चपला न काढताच खुर्चीत बसलो.

"तळाशी जे होतं, ते पण दिलंस?"

"मग काय, लोणचं घालू?"

"कागद सोडून बघितलं नाहीस?"

"एवढ्या बायका दारात उभ्या, मी एकेक कागद सोडत बसू? तुम्हाला होतंय काय? बीपीची गोळी घेतली का?"

मग मला सांगावं लागलं. मी शांतपणे, मुद्देसूद सांगितलं. तिने ते मुद्दे फार वेगळ्या पद्धतीने लावले.

"म्हणजे माझ्या वाणात तुम्ही चोरून सोंगट्या ठेवल्यात."

"चोरून नाही. लपवून."

"आणि वर गुलाबी कागद लावलात."

"मॅचिंग व्हावं म्हणून."

मीच म्हटलं, की अजून उशीर झालेला नाही, पटकन जाऊन मागून आण. तर ती ताडकन उठली.

"दिलेलं वाण परत मागू? सवाष्णीच्या पदरात घातलेलं काढून घेऊ? मी मेले तरी जाणार नाही. तुम्हाला जायचं तर जा."

बघा. संच जातोय अन्वरभाईचा, अब्रू जातेय माझी, आणि हिला रीतीची पडलीय. शेवटी कोणीतरी समंजसपणा दाखवायला हवा होता, तो मी दाखवला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक साधा, सभ्य मेसेज टाकला. 'आजच्या हळदीकुंकवात सौ. सामंत यांनी चुकून दिलेल्या वस्तू कृपया परत आणून द्याव्यात.' यात काय चूक आहे? 'कृपया' आहे, 'सौ.' आहे.

सगळ्यांनी वाचला. उत्तर एकच आलं, सेक्रेटरीचं. 'ग्रुपचा वापर वैयक्तिक कामासाठी करू नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर दारात ढीग. चहाची गाळणी, स्टीलच्या वाट्या, चिमटे, प्लॅस्टिकचे डबे, कंगवे, आरसे लावलेल्या पिशव्या. उज्ज्वलाने आजवर जेवढ्या संक्रांती केल्या, त्या सगळ्यांचं वाण परत आलं होतं. एका पिशवीला चिठ्ठी होती, 'घ्या सगळंच.' आणि त्या सगळ्या ढिगात मोहरा एकही नव्हता!

"ही साबणदाणी तर आपली पण नाही," मी म्हटलं. "लोक घरातलं भंगार आणून टाकतायत. मी सेक्रेटरीला लिहितो."

उज्ज्वला खाली बसली होती. एक गाळणी हातात घेऊन बघत होती. "ही आपण इथे राहायला आलो त्या वर्षीची," ती म्हणाली. "तेव्हा मला इथे कोणी ओळखत नव्हतं. या बायका वाणाच्या निमित्ताने घरात आल्या माझ्या. एवढं जोडलेलं तुम्ही एका मेसेजमध्ये घालवलंत." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता मला वाईट वाटलं, हे मी नाकारत नाही. पण त्याच वेळी रविवार जवळ येत होता, हेही कोणीतरी लक्षात घ्यायला हवं होतं.

तेवढ्यात जिन्यावरून कांबळे मॅडम आल्या. तिसऱ्या मजल्यावर राहतात, सरकारी नोकरीत आहेत. त्यांच्या हातात आबनुसाचा घोडा. दातांसकट. मी त्यांच्या पायाच पडणार होतो.

"आम्ही बौद्ध, हळदीकुंकू काही लावत नाही," त्या मला म्हणाल्या, "पण उज्ज्वलाताईंचा तिळगूळ मी कधी चुकवत नाही. काल घरी जाऊन कागद सोडला तर घोडा. माझी मुलगी चेस खेळते, ती लगेच म्हणाली, आई, हा कोणाच्या तरी सेटमधला आहे."

"अहो, मग कालच बोलायचं की!"

"मला वाटलं, यंदा ताईंनी काहीतरी बौद्धिक द्यायचं ठरवलंय."

मग त्या उज्ज्वलाशेजारी बसल्या, ढिगातली एक वाटी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, परत मागूच नका. खरं वाण द्यायचं राहिलं, ते घेऊन आलोय, असं म्हणायचं. एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने घ्यायचं. आणि मेसेजचं काय ते भाऊ स्वतः बोलतील."

"मी काय बोलू?" मी विचारलं.

"सॉरी," दोघी एकदम म्हणाल्या.

नेरूळच्या बाजारातून स्टीलच्या डब्या आणल्या आणि आमची वरात निघाली. पुढे उज्ज्वला हळदीकुंकवाची कोयरी घेऊन, मागे मी पिशवी घेऊन. दार उघडलं की ती हसायची, मी 'सॉरी' म्हणायचो, आणि मग घरातली बाई माझ्याकडे न बघता उज्ज्वलाला म्हणायची, "तुमचा काही दोष नाही हो." हे मी ए आणि बी दोन्ही विंगांत, प्रत्येक मजल्यावर ऐकलं. प्रत्येक घरात तिळगूळ खावा लागला आणि प्रत्येक घरात 'गोड बोला' हे माझ्याकडे वळून सांगण्यात आलं.

आणि मोहऱ्यांचे हाल काय सांगू! तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगतोय. उंटाच्या डोक्याला कारागिराने एक नाजूक खाच दिलेली होती. चौथ्या मजल्यावर त्या खाचेत अगरबत्ती खोचून ठेवलेली. "किती सोयीचं वाण दिलंत," बाई म्हणाल्या. उंटाचं डोकं राखेने माखलं होतं. एक हत्ती वॉशिंग मशीनच्या पायाखाली होता, कारण मशीन हलत होतं आणि हत्ती हलत नव्हता. पांढरा वजीर सापडला खलात. त्याने लसूण ठेचत होते!

"हातात कसा छान बसतो," पाटीलवहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तो वजीर आहे."

"असू दे की. चटणी छान होते."

आणि एका प्याद्याला बुडातून स्क्रू मारून ड्रॉवरची मूठ केलेली. मी तिथे बोलणार होतो. खूप बोलणार होतो. उज्ज्वलाने माझ्या पायावर पाय दिला आणि मी तो स्क्रू निमूटपणे काढून घेतला.

शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळे मोहरे आले. एक सोडून. काळा राजा.

बी विंगच्या तळमजल्यावर म्हात्रेआजी राहतात. मूळच्या बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या, कोळीण. मुलाने फ्लॅट घेतला म्हणून इथे आल्या, पण पहाटे उठून अजून दिवाळ्याच्या बंदरावर चक्कर मारून येतात. वाण त्यांच्या सुनेला मिळालं होतं. आम्ही आत गेलो, आणि मला तो लगेच दिसला. देव्हाऱ्यात. मधोमध. डोक्यावर हळदकुंकू, पुढे जास्वंद, आणि खोबऱ्याचा तुकडा.

"आजी," मी म्हटलं, "हा तर आमचा..."

"देव हाय," आजी म्हणाल्या.

"कुठला देव?"

"नाव नाय म्हाईत. पन बग ना कसा शांत बसलाय. आला त्या दिवसापासून माजा गुडगा दुखला नाय."

"आजी, तो देव नाही. तो राजा आहे."

"मग? राम राजा नव्हता?"

मी उज्ज्वलाकडे बघितलं. तिने नवीन डबी पुढे केली. आजींनी डबी घेतली, कुंकू लावून घेतलं सुनेला, आणि राजाला हात लावू दिला नाही.

"आजी, तो माझ्या मित्राचा आहे हो. उद्या सकाळी न्यायला येणार तो. राजा नाही दिला तर बाकी सगळं फुकट. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही," मी म्हटलं.

आजींनी देव्हाऱ्यातलं जास्वंद सरळ केलं. मग म्हणाल्या, "देवाची जागा रिकामी ठेवता येत नाय. याच्यासारकाच दुसरा आन. तसाच काला, एवढाच उंच. त्याला बसवते नि ह्याला देते."

"असा दुसरा कुठे मिळणार?" उज्ज्वला मला म्हणाली. "आपल्या चारही संचांत इतका उंच एकही नाही."

मी गप्प राहिलो.

"अहो, मी काय म्हणतेय?"

मी गप्पच राहिलो. ज्याचं लग्न होऊन इतकी वर्षं झालीत त्याला माहीत असतं की बायको आपल्या बोलण्यावरून काही ओळखत नाही, गप्प राहण्यावरून ओळखते.

"कुठे आहे?" तिने विचारलं.

"स्वेटरांच्या मागे."

पुढचं मी सविस्तर सांगत नाही. पाचवा संच बाहेर आला, एवढंच. तोही आबनुसाचा, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यांत लाडका. त्याचा राजा मी आजींच्या हातात दिला. आजींनी दोन्ही राजे शेजारी-शेजारी धरले.

"ह्याला जरा तेज कमी हाय," माझ्या राजाकडे बघून त्या म्हणाल्या. "पन चालंल. पूजा केली की येल."

रविवारी सकाळी अन्वरभाई आला. मोहरे पुसून, पेटीत मांडून ठेवले होते. ड्रॉवरच्या मुठीचं भोक मी मेण भरून बुजवलं होतं. त्याने पांढरा वजीर उचलला आणि नाकाशी नेला.

"लसूण?"

"नवीन पॉलिश आहे," मी म्हटलं.

त्याने काळा राजा उचलला. मुकुटाच्या कोरीव कामात कुंकू बसलं होतं, ते काही केल्या निघत नव्हतं.

"सामंत, हे काय रे?"

मी सुरुवात करणार, तोच उज्ज्वला चहा घेऊन आली आणि तिने सगळं सांगून टाकलं. माळा, गुलाबी कागद, मेसेज, गाळण्यांचा ढीग, खल, देव्हारा. काहीच ठेवलं नाही. स्क्रूसुद्धा सांगितला. मी जमिनीकडे बघत बसलो. आमची इतक्या वर्षांची मैत्री आज या सोफ्यावर संपते, असं मला खरोखर वाटलं.

अन्वरभाई राजा हातात फिरवत राहिला. "म्हणजे माझ्या राजाला फुलं वाहिली," तो म्हणाला. "खोबरं दाखवलं. आणि वर म्हातारीचा गुडघा बरा केला याने?"

"असं आजी म्हणतात," उज्ज्वला म्हणाली.

"वहिनी, पुण्याच्या त्या लोकांकडे हस्तिदंती संच आहेत, जुने संच आहेत. पण पूजा झालेला राजा कोणाकडे नसणार. हे कुंकू मी आता काढणार नाही." आणि तो इतका हसला की चहा बशीत सांडला. जाताना उज्ज्वलाला म्हणाला, "तुमच्यामुळे माझा संच पुरा झाला." मी तिथेच उभा होतो. पिशवी कोणी उचलली, 'सॉरी' कोणी म्हटलं, राजा कोणाचा गेला, याचा उल्लेख नाही.

गाळण्या, वाट्या जिथल्या तिथे परत गेल्या. पाटीलवहिनींना उज्ज्वलाने स्वतःहून एक लाकडी बत्ता नेऊन दिला. पाचवा संच आता शोकेसमध्ये आहे. तिनेच ठेवला, "दिसला की लपवलेला नाही हे तरी कळतं," असं म्हणून. त्याला काळा राजा मात्र नाही. सावंतवाडीचा एक करंडा तिने स्वतःसाठी ठेवला होता, तो तिने राजाच्या घरात उभा केला. काठोकाठ कुंकवाने भरून.

"हा घ्या तुमचा राजा," ती म्हणाली.

अन्वरभाई हल्ली याच संचाने खेळायचा हट्ट धरतो. बुद्धिबळात हार मानली की आपला राजा आडवा पाडायचा असतो. तो करंडा एकदाच आडवा पाडला आणि टेबलक्लॉथ लालेलाल झाला. तेव्हापासून मी हार मानत नाही. पटावर माझा एकटा करंडा उरतो, चहूबाजूंनी घेरलेला, तरी मी शेवटच्या घरापर्यंत लढतो. कांबळे मॅडमची मुलगी परवा बघायला आली होती, ती कौतुकाने म्हणाली, "अंकल, तुमच्यात काय जिद्द आहे!"

जिद्द कसली, तो टेबलक्लॉथ मलाच धुवायला लागतो.